भट्टीत वाळवलेले म्हणून विकलेले ओले लाकूड

ज्या विक्रेत्याकडून मला हे लाकूड मिळाले त्याचे नाव मी येथे देणार नाही. त्याने ते कसे विकले हे मात्र बारकाईने लिहिणार आहे, कारण ही रीत त्याची एकट्याची असेल असे मला वाटत नाही आणि लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर, काम करणाऱ्या नव्या माणसाला ती वेळीच ओळखता यावी. मी झाकणाच्या डब्या, वाडगी आणि फुलदाण्या कातते. त्यासाठी दहा-दहा सेंटिमीटर जाडीचे ठोकळे आणि गोल चकत्या लागतात. इतके जाड लाकूड ओल्या ओंडक्यापासून स्वतः वाळवायचे तर जागा, सवड आणि धीर तिन्ही हाताशी असावे लागतात. म्हणून ‘भट्टीत वाळवलेले, ओलावा ८ ते १० टक्के, लगेच कातण्यास तयार’ अशी लेखी खात्री देणाऱ्याकडून मी माल मागवला. दर नगावर नव्हता, वजनावर होता, आणि हे त्याने का ठरवले असावे ते पुढे कळेल.

माल देखणा होता. प्रत्येक ठोकळा सर्व बाजूंनी मेणात बुडवलेला, कडा स्वच्छ, वर ओलाव्याचा आकडा छापलेली चिठ्ठी आणि सोबत उष्णता-प्रक्रियेचा शिक्का मारलेला कागद. मेण थोडे खरवडून मी मॉइश्चर मीटरच्या, म्हणजे ओलावा मोजणाऱ्या यंत्राच्या, सुया आत दाबल्या, तेव्हा बहुतेक ठोकळ्यांवर १२-१३ चा आकडा आला. चिठ्ठीवरच्या आकड्यापेक्षा तो जास्त होता, पण एवढा फरक लाकडाच्या जातीनुसारही पडतो आणि त्यावरून कोणी माल परत पाठवत नाही.

पहिली शंका आली ती एका डबीमुळे. उभ्या तंतूंच्या, म्हणजे तंतू डबीच्या उंचीच्या दिशेने जाणाऱ्या, ठोकळ्यातून सुमारे सहा सेंटिमीटर व्यासाची डबी कातायला घेतली होती. बाहेरचा थर निघेपर्यंत हत्याराखाली नेहमीसारखा कोरडा, तुटक भुसा पडत होता. पोकळी खोल जाऊ लागली तसा तोच भुसा ओलसर गोळ्यांनी हत्याराला चिकटू लागला आणि मुठीत दाबल्यावर हाताला गार लागू लागला. झाकण मी नेहमी असे बसवते की उचलताना हवा सुटल्याचा हलका आवाज यावा, आणि तसे ते बसलेही. दुसऱ्या दिवशी मात्र ते उचलेना. जोर लावून पाव वळसा फिरवले तेव्हा सुटले, पण त्या स्थितीत दोन समोरासमोरच्या बाजूंना फट दिसू लागली आणि उरलेल्या दोन बाजूंना ते घासू लागले. कॅलिपर लावून पाहिले तर डबीचे तोंड गोल राहिलेच नव्हते. एका दिशेचा व्यास दुसऱ्या दिशेपेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून अधिक कमी भरत होता. झाकणाची डबी दशांश मिलिमीटरच्या हिशेबाने बसवलेली असते, त्यामुळे एवढ्या फरकाने ती वाया जाते.

असे का होते, हे माहीत नसेल तर विक्रेत्याचे कोणतेही उत्तर पटण्याजोगे वाटते, म्हणून येथे थोडे थांबते. ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी दोन जागी असते. एक पेशींच्या पोकळीत मोकळे असते आणि दुसरे पेशींच्या भिंतींत मुरलेले असते. मोकळे पाणी आधी निघून जाते, आणि ते जात असताना लाकडाचे वजन भराभर उतरते, पण आकार जवळजवळ बदलत नाही. ओलावा साधारण २५ ते ३० टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतींतले पाणी जाऊ लागते आणि खरे आखडणे तेथून सुरू होते. हे आखडणे सर्व दिशांना सारखे नसते. तंतूंच्या लांबीत ते नगण्य असते. वाढीच्या वलयांच्या कडेकडेने होणारे आखडणे केंद्रातून सालीकडे जाणाऱ्या दिशेपेक्षा ढोबळमानाने दुप्पट असते. उभ्या तंतूंची डबी याच फरकामुळे लंबगोल होते. आडव्या तंतूंचे वाडगे असेल तर एका दिशेला तंतूंची लांबी आणि दुसऱ्या दिशेला रुंदी येते, त्यामुळे फरक आणखी वाढतो आणि २५ सेंटिमीटर व्यासाचे वाडगे एका बाजूने सहज एक सेंटिमीटरने आत येते. पूर्ण वाळलेले लाकूडही ऋतूनुसार थोडे हलते, पण रातोरात झाकण अडकावे इतके हलत नाही.

अंदाजावर भांडता येत नाही, म्हणून मी वजनाची चाचणी केली. लाकडातला ओलावा काढण्याची हीच मूळ पद्धत आहे आणि मीटरचे आकडेही तिच्याशीच ताडून बसवलेले असतात. ठोकळा मधोमध आडवा कापायचा, टोकाकडचा भाग घ्यायचा नाही, कारण टोकाच्या तोंडातून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने उडते आणि टोक नेहमी कोरडे सापडते. मधून दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा काप काढून त्याच क्षणी वजन करायचे, मग १०३ अंश सेल्सियसच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवून लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा होईपर्यंत वाळवायचे. घरगुती ओव्हनच्या खुंटीवर विश्वास ठेवण्यात अर्थ नसतो. आत वेगळा थर्मामीटर ठेवलेला बरा. उडालेल्या पाण्याचे वजन कोरड्या लाकडाच्या वजनाने भागले की ओलाव्याची टक्केवारी मिळते. मी कापाचा गाभा आणि बाहेरचा थर वेगळे करून दोन्ही तपासले. बाहेरचा थर ६१ ग्रॅमवरून ५४ वर आला, म्हणजे १३ टक्के, आणि मीटरने तेच सांगितले होते. गाभा १४२ ग्रॅमवरून १०६ ग्रॅमवर उतरला. हा ओलावा ३४ टक्के होतो. ज्या टक्केवारीखाली आखडणे सुरू होते तिच्याही वर असलेले लाकूड मला ‘लगेच कातण्यास तयार’ म्हणून विकले गेले होते.

आणखी एक गोष्ट मला त्याहून बोलकी वाटली. दोन ठोकळे मी मुद्दाम न कातता कोरड्या खोलीत ठेवले होते. त्यांच्यावरचा मीटरचा आकडा कमी होण्याऐवजी आठवड्यागणिक चढत गेला, कारण गाभ्यातले पाणी बाहेरच्या थरात झिरपत होते आणि मेणामुळे त्याला पुढे जायला वाट नव्हती.

यावरून त्या मालाची कुंडली मांडता येते. ओले ठोकळे काही काळ कडक उष्णतेत ठेवले गेले असावेत, त्याने बाहेरचा थर वाळला आणि गाभा तसाच राहिला. उन्हात टाकलेली जाड गादी वरून हाताला कोरडी लागावी आणि आत दमट असावी, तशातला प्रकार. मग त्या कोरड्या थरावर मीटर टेकवून आकडा घेतला, चिठ्ठी छापली आणि बाहेरचा थर पुन्हा ओला होण्याआधी सगळे मेणात बुडवून टाकले. घाईने दिलेल्या उष्णतेची खूण लाकडात राहते. कापाला करवतीने कंगव्यासारखे दाते पाडले की योग्य वाळलेल्या लाकडाचे दाते सरळ उभे राहतात. बाहेरचा थर ताणात सुकलेला असेल तर कडेचे दाते आतल्या बाजूला वळतात. माझ्या कापांचे दाते वळले. काही ठोकळ्यांच्या पोटात तर मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ चिरा निघाल्या, ज्या बाहेरून दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ओले लाकूड घाईने तापवले की असे होते, आणि या चिरा कशानेही भरून येत नाहीत.

मेणाबद्दल गैरसमज नको. ओल्या ठोकळ्याची तोंडे, म्हणजे तंतू जेथे संपतात त्या बाजू, मेणाने किंवा जाड रंगाने बंद करणे हा उत्तम उपाय आहे, कारण तोंडातून पाणी भराभर उडाले की तेथूनच तडे सुरू होतात. मात्र फक्त तोंडांना मेण लावणे आणि सर्व बाजूंनी मेणात बुडवणे यांत फरक आहे. पूर्ण बुडवलेला ठोकळा ओला असण्याचीच शक्यता जास्त. ज्याला खरोखर वाळवले आहे त्याला असे कोंडून ठेवण्याची गरज फारशी पडत नाही. त्यातच मेणाखाली रंग, चिरा आणि किड्यांची छिद्रे झाकली जातात. माझ्या मालातल्या काही चिरा पातळ चिकटद्रव्य आणि लाकडाचीच पूड घालून बुजवलेल्या होत्या, घासून रेषेत आणलेल्या होत्या आणि वर मेण चढवलेले होते. दुकानात हातात घेतल्यावर त्या दिसल्या नसत्या. लेथवर ठोकळा वेगाने फिरत असताना अशा चिरेतून तुकडा सुटला तर तो समोरच्या माणसाच्या तोंडावर येतो, आणि या बाबतीत माझा राग पैशांच्या नुकसानीपेक्षा मोठा आहे.

शिक्क्याच्या कागदाची गंमत तर वेगळीच. लाकडी खोकी आणि पॅलेट यांच्यासाठी आय.एस.पी.एम. १५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यानुसार लाकडाचा गाभा किमान ५६ अंश सेल्सियसवर सलग ३० मिनिटे तापवतात आणि कणसाच्या चिन्हाशेजारी ‘एच.टी.’ असा छाप मारतात. तो नियम किडे आणि रोग एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून आहे; लाकूड किती वाळले याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. अर्ध्या तासाच्या त्या उष्णतेने जाड ठोकळ्यातले पाणी जवळपास जागेवरच राहते. विक्रेत्याने हाच कागद भट्टीत वाळवल्याचा दाखला म्हणून पाठवला होता. कागद खोटा नव्हता, आणि म्हणूनच तो इतका कामाचा होता.

मीटरचेही तसेच आहे. सुयांचा मीटर दोन सुयांमधला विजेचा अडथळा मोजतो, आणि तोही सुया जेवढ्या आत गेल्या तेवढ्याच खोलीचा. साध्या मीटरच्या सुया काही मिलिमीटरच शिरतात. सुया नुसत्या टेकवल्या, दाबल्या नाहीत, तर संपर्क कच्चा राहतो आणि आकडा खोटाच कमी दिसतो. विक्रेत्याने पाठवलेल्या व्हिडिओत तो नेमके हेच करताना दिसतो. २५-३० टक्क्यांच्या वर मीटरचा आकडा तसाही भरवशाचा राहत नाही. लाकडाची जात आणि तापमान बदलले तर दुरुस्ती करावी लागते. म्हणजे मीटर निरुपयोगी आहे असे नाही, पण कापलेल्या गाभ्यावर घेतलेला आकडा आणि बाहेरून घेतलेला आकडा यांची बरोबरी होऊ शकत नाही.

मी फोन केला तेव्हा आवाज अतिशय मृदू होता. “मॅडम, लाकूड आहे ते, हवा बघून ओलावा घेणारच,” असे तो म्हणाला. हे वाक्य अर्धे खरे असल्यामुळे त्यावर समोरचा माणूस गप्प बसतो. लाकूड आसपासच्या हवेशी जुळवून घेते हे बरोबर आहे, पण त्याला मर्यादा असते. साधारण २० अंश तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकूड १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, ८० टक्के असेल तर १६ च्या जवळ, आणि ९० टक्के दमट हवेतही ते २०-२१ च्या पुढे सहसा जात नाही. गाभ्यात ३४ टक्के ओलावा नुसत्या हवेतून येऊच शकत नाही; तो झाड उभे असल्यापासूनचा आहे. शिवाय जे मेण पाणी बाहेर जाऊ देत नाही ते आतही येऊ देत नाही. हे सांगितल्यावर तो म्हणाला की माझा मीटर बिघडला असेल. वजनाची चाचणी मीटरने केलेली नाही, असे सांगितल्यावर त्याने बदली माल देऊ केला. बदली मालातला कोणताही एक ठोकळा पाठवण्यापूर्वी माझ्यादेखत व्हिडिओवर मधोमध कापून गाभ्याचे वजन दाखवावे, एवढीच अट मी घातली. त्यावर त्याचे उत्तर होते, “कापलेला ठोकळा मग मी विकू कोणाला?” त्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले. पैसे परत आलेले नाहीत.

वजनावर दर का होता, हे आता सांगायला नको. ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनावर मोजतात, त्यामुळे तो १०० टक्क्यांच्याही वर जाऊ शकतो. ८० टक्के ओलाव्याच्या १८० किलो लाकडात ८० किलो पाणीच असते. ज्याला पाण्याचेही पैसे मिळतात तो लाकूड वाळवण्याची घाई कशाला करेल?

ज्यांना असे ठोकळे घ्यायचे असतील त्यांनी आधी झाड केव्हा तोडले आणि ठोकळा किती जाडीवर असताना वाळायला ठेवला, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. मोकळ्या हवेत फळ्या वाळवताना दर अडीच सेंटिमीटर जाडीला साधारण एक वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. तो ढोबळ आहे, आणि जाडी वाढली की वेळ त्या प्रमाणापेक्षाही जास्त वाढतो. दहा सेंटिमीटरचा घट्ट जातीचा ठोकळा भट्टीतसुद्धा काही दिवसांत वाळत नाही. उष्णता आणि दमटपणा यांचा मेळ सांभाळत त्याला महिने लागतात. माझ्या विक्रेत्याने झाड त्याच वर्षी तोडल्याचे बोलता बोलता सांगितले होते आणि ठोकळे मात्र पूर्ण वाळलेले असल्याचा त्याचा दावा होता. या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असणे जवळजवळ अशक्य आहे. त्याचबरोबर दर नगावर किंवा घनमापावर ठरवावा. पहिल्या खेपेला थोडाच माल घ्यावा, त्यातला एक ठोकळा कापून तपासण्यासाठी आहे हे आधीच कळवावे आणि गाभ्याचा ओलावा ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त निघाल्यास माल परत, ही अट लिहून घ्यावी. प्रामाणिक माणूस या अटीवर घासाघीस करतो, क्वचित ठोकळ्याचे वेगळे पैसे मागतो, पण ती उडवून लावत नाही. एकाच जातीचे आणि मापाचे ठोकळे हातात घेऊन वजनाची तुलना करणेही उपयोगी पडते. ठोकळ्यात भेंड, म्हणजे खोडाचा अगदी मधला बिंदू, आलेले असेल तर तो वाळलेला आहे असे कोणी कितीही सांगो, घेऊ नये. भेंडाभोवती वलये पूर्ण वर्तुळात असतात आणि आखडताना लाकडाला चिरण्याशिवाय दुसरा मार्ग राहत नाही.

ओले लाकूड विकणे हा गुन्हा नाही, हेही सांगितले पाहिजे. ओले म्हणून विकलेले लाकूड मी आनंदाने घेते. ते हत्याराखाली मऊ कापते, धूळ उडवत नाही आणि स्वस्त पडते. त्याचे वाडगे आधी जाड कातायचे, भिंतीची जाडी व्यासाच्या साधारण दहावा भाग ठेवायची, तंतूंच्या तोंडांना मेण लावून कागदी पिशवीत सावलीत ठेवायचे आणि वजन उतरणे थांबेपर्यंत मधूनमधून तोलत राहायचे. ते लंबगोल होते, कारण तसे होण्यासाठीच जाडी राखलेली असते. मग दुसऱ्यांदा लेथवर चढवून गोल करता येते. ज्याला आपल्या हातात ओले लाकूड आहे हे माहीत असते तोच असे काम करू शकतो. मला ते वाळलेले म्हणून दिले होते, म्हणून मी सरळ अंतिम मापाला कातले, आणि त्या डब्या-वाडग्यांपैकी काही ग्राहकांच्या घरी जाऊन अडकली, काहींच्या वॉर्निशचा थर धुरकट झाला, काहींना कडेपासून बुडापर्यंत चीर गेली. ज्यांनी कळवले त्यांना मी वस्तू बदलून दिल्या.

उरलेल्या मालातले ज्यांच्या पोटात चिरा नाहीत असे ठोकळे मेण तासून, जाड कातून, तारीख आणि वजन लिहून फडताळावर ठेवले आहेत. चिरा असलेले जळणात गेले. तीन ठोकळे मात्र मेणासकट, चिठ्ठीसकट तसेच प्लॅस्टिकमध्ये बंद करून ठेवले आहेत, कारण तक्रार पुढे गेली तर तपासणारा माणूस स्वतः कापून पाहील असा अस्पर्श नमुनाच पुरावा ठरतो. माझ्या कापलेल्या तुकड्यांवर विक्रेता काहीही म्हणू शकतो. ज्यांच्याकडे असा माल पडून आहे त्यांनी सगळा कातून टाकण्यापूर्वी दोन-तीन ठोकळे असेच बाजूला काढावेत, पावती, जाहिरातीचे छायाचित्र आणि विक्रेत्याचे संदेश त्यांच्याबरोबर ठेवावेत आणि प्रत्येक ठोकळ्याचे मिळाल्या दिवशीचे वजन त्याच्यावरच लिहून ठेवावे.